घरच्या घरी बसणारा डबल स्टँड

ज्या मोटारसायकलींना कंपनीतून केवळ साइड स्टँड येतो, त्यांच्या मालकांना डबल स्टँडची उणीव चेन साफ करायची वेळ आली की जाणवते. मागचे चाक जमिनीपासून उचललेले असेल तर ते हाताने फिरवत दहा मिनिटांत चेन पुसून तिला ऑइल देता येते. नसेल तर गाडी दोन-दोन पावले पुढे ढकलत तेच काम अर्धा तास चालते. डॉमिनार, पल्सर एनएस २०० आणि केटीएम ड्यूक या गाड्या अशाच आहेत. वजन वाचवणे, पोटाखाली सायलेन्सरला जागा ठेवणे आणि वळणावर गाडी झुकली असता खाली काही घासू न देणे, ही त्यामागची कारणे आहेत आणि ती पटण्यासारखीही आहेत. माझ्याकडे डॉमिनार ४०० आहे, तिचे वजन जवळजवळ १९० किलो. पुण्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती एकट्याने पुढेमागे करण्याचा कंटाळा येऊन २०२४च्या फेब्रुवारीत मी समाजमाध्यमावरील एका जाहिरातीला भुललो, त्याची ही हकीकत आहे.

जाहिरातीत लिहिले होते की हा डबल स्टँड खास याच गाडीसाठी बनवलेला असून तो गंज न धरणाऱ्या ३०४ दर्जाच्या स्टीलचा आहे, त्याला वेल्डिंग करावे लागत नाही, चासीला भोक पाडावे लागत नाही आणि तो घरच्या घरी तीस मिनिटांत बसतो. या शेवटच्या वाक्यानेच मी पाघळलो. लहानमोठी कामे स्वतः करण्याची मला हौस आहे आणि नाना पेठेतून चार-पाच वर्षांत जमवलेली पान्ह्यांची पेटी घरात आहे. ते वाक्य विक्रेत्याच्या किती सोयीचे आहे, हे मला फार उशिरा उमगले. गॅरेजवाल्याने स्टँड बसवला असता तर खोक्यातून तो बाहेर काढताक्षणी त्याने त्यातली खोट सांगितली असती. मी ती शोधली स्टँड बसवून झाल्यानंतर.

किंमत ३,४५० रुपये होती, परंतु पूर्ण रक्कम आगाऊ भरल्यास २,९५० रुपयांत मिळेल, असे सांगण्यात आले. माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय का नाही, असे मी विचारले, तेव्हा जड वस्तू कुरियरवाले त्या पद्धतीने घेत नाहीत, असे उत्तर मिळाले आणि ते मी मानले. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर दुकानाचे नव्हे, तर कोण्या एका व्यक्तीचे नाव दिसले होते. क्षणभर थांबून मी पुढे गेलो. आठ दिवसांनी आलेल्या पार्सलवर पाठवणाऱ्याचे आणखी तिसरेच नाव होते. आत बिल होते, त्यावर जीएसटी क्रमांकही होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावरचा क्रमांक २७ने सुरू होत होता, पत्ता मात्र दुसऱ्याच राज्यातला होता, आणि अक्षरे मोजली तर चौदाच भरत होती. अर्थात ही मोजणी मी तीन आठवड्यांनी केली; त्या दिवशी बिलाची घडी घालून ते टूलबॉक्समध्ये ठेवले आणि रविवारची वाट पाहत बसलो.

रविवारी सकाळी गाडी भाड्याने आणलेल्या पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचे चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर, चढवली. पायदानाची पट्टी ज्या बोल्टांनी चासीला जोडलेली असते, तेच मूळ बोल्ट काढून त्यांच्या जागी सोबत आलेले लांब बोल्ट टाकायचे आणि त्यांवरच स्टँडचे ब्रॅकेट अडकवायचे, अशी रचना होती. हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे, कारण याचा अर्थ असा की स्वाराच्या पायाचा भार आणि उभ्या गाडीचा भार असे दोन्ही भार विक्रेत्याने दिलेल्या बोल्टांवर येणार होते. उजवे ब्रॅकेट बसले. डाव्या ब्रॅकेटचे भोक मात्र चासीच्या भोकाशी जुळेना, सुमारे तीन मिलिमीटर पुढे जात होते. फोन केला तेव्हा विक्रेत्याने अतिशय सौजन्याने सांगितले की पावडर कोटिंगमुळे, म्हणजे रंगाच्या थरामुळे, असे होते, कानशीने थोडे घासून घ्यावे. मी घासले. भोक लांबट झाले, बोल्ट आत गेला, आणि वस्तू परत करण्याचा माझा हक्क त्याच क्षणी संपला, कारण ‘ग्राहकाने फेरफार केलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती.

स्प्रिंग चढवणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग असतो आणि तो मात्र मला नीट जमला, हे येथे नोंदवून ठेवतो. डबल स्टँडची स्प्रिंग हाताने ताणली जात नाही. ती व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून एका बाजूला वाकवायची, वाकल्यावर उघडलेल्या वेटोळ्यांच्या फटींत वायसर किंवा नाणी सरकवायची, मग दुसऱ्या बाजूला वाकवून उरलेल्या फटी भरायच्या. स्प्रिंग तेवढीच लांब राहते आणि सहज हुकात अडकते. नंतर स्टँड खाली केला की ती ताणली जाऊन नाणी आपोआप गळून पडतात. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण निसटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. या कामात एक तास गेला आणि गाडी स्टँडवर चढली तेव्हा मला फारच आनंद झाला.

तो आनंद फार टिकला नाही. मागचे चाक जमिनीला किंचित टेकलेलेच होते. चाक मोकळे फिरवण्यासाठी स्टँड घेतला होता आणि चाकच फिरत नव्हते. शिवाय स्टँड वर घेतला असता त्याचा डावा पाय चेनच्या इतका जवळ येत होता की रस्त्यातील खड्ड्यावर खळ्ळ असा आवाज येई. मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. काही दिवस वापरल्यावर स्टँड ‘सेट’ होईल, असे उत्तर आले. चौथ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये डबल स्टँडवर उभी असलेली गाडी उजवीकडे कलंडली. शेजारी कोणी नव्हते, हे नशीब. ब्रेकचा लिव्हर तुटला, आरसा फुटला, सायलेन्सरला पोचा पडला आणि इंडिकेटर लोंबकळू लागला.

आमच्या इमारतीत एक काका राहतात, जे पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होते. गाडी उभी करायला तेच धावत आले आणि उजव्या बाजूचा वाकलेला बोल्ट हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “याच्या डोक्यावर आकडा कुठे आहे रे?” भार सोसणाऱ्या चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. त्यातला पहिला ८ म्हणजे तो तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण सोसतो, आणि दशांशचिन्हानंतरचा ८ म्हणजे त्या ताणाच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा वाकत किंवा लांबत नाही. माझ्या बोल्टांची डोकी कोरी करकरीत होती. काढून ठेवलेले मूळ बोल्ट काकांना दाखवले, तर त्यांच्यावर आकडा स्पष्ट होता. म्हणजे चांगले बोल्ट मी स्वतःच्या हाताने काढले होते आणि त्यांच्या जागी हे घातले होते.

मग काकांनी घरातून शीतकपाटावर लावायचे एक लोहचुंबक आणले आणि ते स्टँडला लावले. ३०४ स्टीलला चुंबक चिकटत नाही, चिकटलेच तर फारच दुबळेपणाने. हे मात्र असे घट्ट बसले की ओढून काढावे लागले. त्यानंतर त्यांनी पटाशीने रंग खरवडला. काळ्या रंगाखाली लाल रंग निघाला, लाल रंगाखाली गंज, आणि डाव्या ब्रॅकेटवर वेल्डिंगने बुजवलेले एक जुने भोक. माझे लांबट केलेले भोक त्याच्या शेजारीच होते. “अरे, हा स्टँड तुझ्या गाडीचा नाहीच,” काका म्हणाले, “दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा भंगारातून उचललाय, पट्ट्या जोडल्यात आणि रंग मारलाय.” चाक का उचलले जात नव्हते, याचा उलगडा तेव्हा झाला: पायांची लांबी दुसऱ्या गाडीच्या मापाची होती. चुंबक, खरवडणे आणि बोल्टाचे डोके पाहणे या तिन्ही तपासण्यांना मिळून पाच मिनिटे लागली असतील. यांतली एकही तपासणी अशी नव्हती, जी खोके उघडल्यावर आणि पहिला मूळ बोल्ट सैल करण्याआधी मला करता आली नसती.

विक्रेत्याशी पुन्हा संपर्क साधला तेव्हा त्याचा सूर पालटला होता. स्टँड प्रशिक्षित मेकॅनिककडून बसवलेला नसल्यामुळे हमी रद्द झाली, असे त्याने कळवले. ज्या जाहिरातीत घरच्या घरी बसतो असे लिहिले होते, तिचे छायाचित्र मी पाठवले, त्यावर दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी निराळ्या क्रमांकावरून फोन आला, पैसे परत देण्यास मालक तयार झाले आहेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयचा पिन टाका. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो, हे मला ठाऊक होते. तरीही गेलेली रक्कम परत येण्याच्या आशेने मी कोड स्कॅन केला आणि पडद्यावर २,९५० रुपये ‘पे’ करा असे दिसल्यावरच भानावर आलो. त्यानंतर दोन्ही क्रमांक बंद झाले आणि जाहिरातीचे पान नाहीसे झाले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३०वर आणि त्यांच्या संकेतस्थळावरही नोंदवली. आर्थिक फसवणुकीत १९३०ला पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. मी महिन्याने कळवले होते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नसते आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पण प्रतिवादी म्हणून लिहायला खरे नाव आणि पत्ता लागतो, तो माझ्याकडे नाही. ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवणे २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनी बंधनकारक केले आहे. तो तपशील जाहिरातीत नव्हता, आणि तेवढे एकच पाहिले असते तर चुंबकापर्यंत जाण्याची वेळही आली नसती.

ज्यांना असा स्टँड घ्यायचाच आहे, त्यांनी विक्रेत्याकडे आपल्याच गाडीच्या, आपल्याच वर्षाच्या मॉडेलवर बसवलेल्या स्टँडची चित्रफीत मागावी. तीही डाव्या बाजूने, स्टँड वर घेतल्यावर चेन आणि स्टँडमध्ये किती अंतर राहते ते दिसेल अशी, आणि स्टँडवर उभ्या गाडीचे मागचे चाक फिरताना दिसेल अशी. माझ्या विक्रेत्याने मला स्वच्छ पार्श्वभूमीवर ठेवलेल्या नुसत्या स्टँडचे छायाचित्र पाठवले होते. खोके उघडतानाचे चित्रीकरण तर करावेच, पण त्या चित्रीकरणात बोल्टांची डोकी आणि चुंबकही दिसू द्यावे. भोक जुळत नसेल तर कानस हातात घेऊ नये, कितीही गोड शब्दांत सांगितले तरी.

गाडीच्या दुरुस्तीला ४,१०० रुपये लागले. आता मी चेनसाठी पॅडॉक स्टँड वापरतो. तो फसवा डबल स्टँड जिन्याखाली पडून आहे, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. काकांनी त्याला थांबायला सांगितले आहे आणि द्यायची वेळ येईल तेव्हा आधी हॅकसॉने त्याचे दोन तुकडे करायचे ठरवले आहे, म्हणजे पुन्हा रंग लागून तो कोणाच्या दारी पोहोचायला नको.