एमआरसीपी की ईआरसीपी?
मुलाचे डोळे पिवळे झाले की पुण्यातही कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतोच. तो राहू द्या. शी पांढुरकी, लघवी गडद असेल तर पित्तनलिका (यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी) तुंबल्याची शंका घ्यावी. आधी रक्ततपासणी, सोनोग्राफी.

एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय; ती नुसतं चित्र दाखवते. क्ष-किरण नाहीत, पण लहानग्याला गुंगीचं औषध लागतं आणि नळीतला बारीक खडा नजरेतून निसटू शकतो. ईआरसीपीत दुर्बीण तोंडातून लहान आतड्यापर्यंत जाते; खडा तिथेच काढता येतो, स्टेंटही (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) बसवता येतो. मात्र मुलांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, नंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून निव्वळ निदानासाठी ईआरसीपी मला पटत नाही. नळीत खडा अडकलाय, थंडीताप सुरू आहे, तेव्हा मात्र तीच.

तान्ह्या बाळाचं गणित वेगळं: नलिका जन्मतः बंद असेल तर कासाई शस्त्रक्रिया (आतडं थेट यकृताला जोडणं), शक्यतो जन्मापासून 60 दिवसांच्या आत.