नदीच्या माशांचा आराखडा करून घेतला, त्याचा अनुभव

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या काठावर. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत मी सदस्य आहे. नदीतल्या मूळच्या माशांसाठी संवर्धनाचा आराखडा आणि त्याचं अंदाजपत्रक आम्ही यंदा एका सल्लागार संस्थेकडून करून घेतलं. फी ४५,००० रुपये, तीन हप्त्यांत. शेजारच्या गावांतून विचारणा होतेय, म्हणून सविस्तर लिहितेय. संस्थेचं नाव देत नाही, कारण काम अजून पुरं व्हायचंय.

पाहणीला पैकीच्या पैकी गुण. जानेवारीत तिघं जण पाच दिवस गावात राहिले. भोईवाडीतल्या एका आजोबांना त्यांनी रोज मजुरी देऊन सोबत घेतलं, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आजोबा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. सापडलेला मासा ही मुलं पाणी भरलेल्या छोट्या काचेच्या पेटीत ठेवायची, मागे पट्टी लावून फोटो काढायची आणि मिनिटभरात त्याला परत नदीत सोडायची. मळे, खवळ, शिंगटी, वाम, मरळ, जी नावं आजोबांनी सांगितली ती तशीच लिहून घेतली, शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात. आमच्या लोक जैवविविधता नोंदवहीत माशांच्या पानावर आजवर 'विविध मासे' एवढेच दोन शब्द होते. आता तिथे फोटोंसकट अकरा पानं आहेत.

पण तिसऱ्या दिवशी आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, ह्यांना मिरगात बोलव. मासा तवा चडतो." आराखड्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच. पहिल्या जोरदार पावसात नदी गढूळ होते आणि मासे अंडी घालायला उलटे वर, पऱ्ह्यांत म्हणजे ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढतात. वलगणीचे मासे कोकणात कुणाला ठाऊक नाहीत! गेल्या जूनमध्ये मी आमच्या बंधाऱ्याखाली उभी होते. पाणी अडवायच्या फळ्या वेळेत काढल्या नव्हत्या. बोटाएवढे मासे उडी मारत होते, काँक्रीटवर आपटून खाली पडत होते, पुन्हा उडी मारत होते. खाली माणसं टोपल्या घेऊन उभी. एक मासा मी उचलला, तर पोट गाबोळीने इतकं भरलेलं की हातातच अंडी सांडली. समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात, ती का हे जयगडच्या बंदरावरचं लहान पोरही सांगेल. नदीतल्या माशाला मात्र त्याच दिवसांत कुणी वाली नसतो. जानेवारीतल्या पाहणीला हे दिसणारच नव्हतं.

आता पैशांचं. अंदाजपत्रक ६ लाख ४० हजारांचं आलं. त्यातले साडेतीन लाख मत्स्यबीजाला, म्हणजे नदीत सोडायच्या माशांच्या पिलांना: रोहू, कटला आणि थोडं महसीर. बंधाऱ्याच्या नावाने एक पैसाही नाही. मला खरंच वाईट वाटलं. रोहू-कटला गंगेच्या खोऱ्यातले मासे. स्थानिक माशांच्या आराखड्यात ते येतातच कसे? महसीर आपलाच असला, तरी बीज कुठलं हे विचारायला हवं. लोणावळ्याला तयार झालेलं दख्खनी महसीरचं बीज पूर्वी कावेरीत सोडलं गेलं. तिथला मूळचा कुबडा महसीर त्याने मागे रेटला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. बीज सोडलं की फोटो निघतो, पावती मिळते आणि मार्चअखेर खर्चही पडतो. म्हणूनच हा रकाना फुगतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमी खर्चात काय होतं ते आपल्याच पट्ट्यात बघायला मिळतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने लोकांनीच मासे राखले आहेत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. दोन्हीकडे मुख्य काम एकच, जागा राखणं.

आम्ही आराखडा परत पाठवला. संस्थेने वाद घातला नाही, आठ दिवसांत बदलून दिला, त्याचे गुण द्यायलाच हवेत. आता बीज शून्य. दोन डोह बारमाही राखीव. बंधाऱ्याच्या फळ्या मेअखेरीस काढायची मजुरी ४,००० रुपये. जून-जुलैत रात्री गस्त घालणाऱ्या चार जणांचं मानधन. जिलेटीन लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणं कायद्यानेच गुन्हा आहे, याचे फलक. सगळं मिळून पहिल्या वर्षी १ लाख १० हजार. त्यातला काही भाग वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरून घेतला, उरलेल्यासाठी समितीच्या स्थानिक जैवविविधता निधीत वर्गणी चालू आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा मार्गही संस्थेने नीट समजावला, फक्त त्यासाठी असा निधी घ्यायची सीएसआर-१ ही नोंदणी असलेली संस्था सोबत लागते. आमच्याकडे ती अजून नाही.

सेवा घ्यावी का? पाहणीसाठी जरूर घ्या. अंदाजपत्रक मात्र भोईवाडीत बसून, ओळ न् ओळ वाचून मगच मंजूर करा, आणि पाहणीची एक फेरी पहिल्या पावसात होईल हे करारातच लिहून घ्या. आम्ही ते लिहिलं नव्हतं. म्हणून शेवटचा १५,००० चा हप्ता थांबवला आहे. मृगात येऊन चढणीच्या नोंदी करून द्यायला ते तयार झालेत, आणि कुठे उभं राहायचं त्या तीन जागा आजोबांनी मला कालच दाखवून ठेवल्या.