कार्यशाळेच्या नावाखाली आमच्या युवक मंडळाची फसवणूक झाली

नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये आम्ही युवक मंडळ चालवतो. गणपतीत जमणारी पोरं वर्षभर एकत्र राहावीत म्हणून दर रविवारी सकाळी समाजभवनात बसतो, मग कोपऱ्यावर तर्री-पोहे खातो. गेली २ वर्षं तिथे मोबाइलवर सावध कसं राहायचं हे मी शिकवतो. ओटीपी कोणाला सांगू नका, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, अनोळखी लिंक उघडू नका. आणि त्याच समाजभवनात, त्याच मुलांसमोर, माझ्याच हाताने आम्ही फसलो. दुसऱ्या मंडळांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितो आहे.

दिवाळीनंतर एकाचा फोन आला. बोलणं अदबीचं, मराठी आपल्याकडचीच. सायबर जनजागृती अभियानातून बोलतो, तुमच्या मंडळाचं काम ऐकलं, मुलांसाठी मोफत ऑनलाइन कार्यशाळा घेऊ, शेवटी शासनाचं प्रमाणपत्र मिळेल. व्हॉट्सॲपवर पत्रही आलं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का. ईमेलचा पत्ता मात्र जीमेलचा. शासकीय पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतं हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी माझी नजर राजमुद्रेच्या खाली गेलीच नाही. प्रमाणपत्र म्हटल्यावर पोरं हरखली होती. कोणाला ते नोकरीच्या अर्जाला लावायचं होतं, कोणाला पोलीस भरतीत दाखवायचं होतं. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचा मोबाइल नंबर, असं ३४ जणांनी भरून दिलं.

कार्यशाळा चांगली झाली, हे मुद्दाम सांगतो. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यातच नाही, व्हिडिओ कॉलवर कोणी कोणाला अटक करत नाही, हे त्याने माझ्यापेक्षा नीट समजावलं. घरबसल्या लाइक करून पैसे मिळवण्याच्या कामात आधी थोडे पैसे देऊन मग कसे लुबाडतात, तेही सांगितलं. आमचा त्याच्यावर विश्वास बसला तो इथेच.

शेवटी म्हणाला, प्रमाणपत्र ॲपमधून निघेल. ग्रुपवर फाइल आली, एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. मी माझा फोन प्रोजेक्टरला जोडून मुलांना कसं करायचं ते दाखवत होतो. भिंतीवर हातभर अक्षरांत इशारा उमटला, हे ॲप हानिकारक असू शकतं. तिसऱ्या रांगेतला १७ वर्षांचा एक पोरगा हळूच म्हणाला, “भाऊ, हे प्ले स्टोअरवर काऊन नाही?”

“अरे, सरकारी आहे, नवीन आहे, येईल,” असं म्हणून मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग प्रमाणपत्राचं शुल्क १० रुपये. वायर काढून मी कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे ३ आकडे भरले. तो पोरगा पुन्हा बोलला नाही.

त्या रात्री ११:४० ते ११:५२ च्या दरम्यान माझ्या खात्यातून ४६,५०० रुपये गेले. मी झोपेत होतो. ओटीपी मी कोणालाच सांगितला नव्हता, सांगायची गरजच उरली नव्हती. फोनवर येणारा प्रत्येक मेसेज ते ॲप परस्पर त्याच्याकडे पाठवत होतं.

पहाटे बँकेचे मेसेज पाहिले. फोनचं नेट बंद केलं, बायकोच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला तक्रार केली आणि बँकेला सांगून कार्ड बंद केलं. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात. वाटेत सापडले तर बँक तिथे अडवून धरते. माझे २१,००० असे अडकले, बाकीचे तोवर काढून झाले होते. बँकेला कळवणंही तितकंच तातडीचं असतं, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्या चुकीने गेलेला पैसा कळवेपर्यंत आपल्या माथी असतो, कळवल्यानंतर गेला तर तो बँकेच्या. सायबर पोलीस ठाण्यात एकच गोष्ट बजावून सांगितली: चॅट, फाइल, नंबर काहीही पुसू नका.

सोमवारी सकाळीच मी ग्रुपवर लिहिलं, “इतकं शिकवूनही कोणी कार्डाची माहिती भरली असेल तर लगेच सांगा.” ९ जणांनी सांगितलं, त्यांची कार्डं बंद केली, एकाचाही रुपया गेला नाही. १६ वर्षांची एक मुलगी गप्प राहिली. तिने आईच्या फोनवर ॲप घेतलं होतं, आईचंच कार्ड भरलं होतं. आई चार घरी स्वयंपाकाची कामं करते. रविवारी रात्री २,००० गेले, सोमवारी रात्री ७,८००. मंगळवारी संध्याकाळी ती रडत आमच्या घरी आली. भीतीने तिने ॲप आणि चॅट दोन्ही पुसून टाकलं होतं. सोमवारीच का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही लिहिलं होतं ना भाऊ, इतकं शिकवूनही.”

ते ७,८०० रुपये माझ्या त्या दोन शब्दांनी घालवले, असंच मी मानतो. आणि त्या पोराला मी भरवर्गात गप्प केलं नसतं, तर कदाचित माझेही गेले नसते. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मग ३४ घरच्या आयांना बोलावून संचार साथी या सरकारी पोर्टलवर कोणाच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. त्यात पूर्ण दिवस गेला.

नाव आणि नंबर बदलून तो माणूस आता दुसऱ्या मंडळाला, एखाद्या शिकवणीला फोन करत असेल. तुमच्याकडे अशी फाइल येऊन गेली असेल, तर वाचणं इथेच थांबवा, त्या फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा.

त्या मुलीच्या आईला भेटायला गेलो, तेव्हा माझी मान वर होत नव्हती. मंडळाकडून पैसे भरून देतो म्हणालो. ती म्हणाली, “पैशाचं पाहू मग. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती भाऊ. मले वाटलं, ताप आहे.”