जुना ट्रक ओढत नाही: लाइन, टर्बो, पंप की थेट इंजिन?

जुना डिझेल ट्रक चढावर दम सोडायला लागला की सल्ले भरपूर मिळतात. पंपवाला म्हणतो पंप (नोझलांना दाबाने डिझेल देणारा) काढा, टर्बोवाला म्हणतो टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसला, आणि इंजिनवाल्याला थेट इंजिनच बांधायचं असतं. तिघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाली लिहिलंय ते मेकॅनिकल पंप आणि टर्बो असलेल्या गाड्यांबद्दल. सेन्सरवाली गाडी असेल आणि इंजिनचा दिवा पेटला असेल, तर स्कॅनर लावल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

इंजिनावर संशय घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. रेस वाढते पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो, म्हणजे ब्रेक धरून ठेवतोय. आणि इंजिन बंद ठेवून एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा, तुम्ही पंपाचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉपर स्क्रूला टेकलाच पाहिजे. केबल ढिली पडली असेल तर पंप पूर्ण उघडतच नाही, आणि दोष मात्र पंपाला लागतो.

आता मुख्य प्रश्न, डिझेल कमी पडतंय की हवा? भरल्या गाडीत, पूर्ण ॲक्सिलरेटरवर धूर जवळपास नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी. काळा धूर ओकते, तर डिझेल येतंय पण ते जाळायला हवा पुरत नाही, किंवा नोझल नीट फवारत नाही.

डिझेलच्या बाजूला सगळ्यात फसवी जागा म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) लाइन. तिथे डिझेल ओढलं जातं, त्यामुळे जोड सैल असला तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट लाइन आत हवा घेते. फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा आणि बुडबुडे येतात का बघा. याहून सोपं म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधून त्यातून थेट फीड पंपाला लाइन द्या. ओढ परत आली, तर दोष टाकी, जाळी किंवा पाइपात. फिल्टर आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही याच वेळी बघून टाका.

हवेच्या बाजूला एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) होज. फाटलेला होज आयडलवर (गाडी उभी, रेस न देता) गप्प असतो, लोडवर फुसफुसतो. फाटीभोवती तेलकट काळपटपणा दिसतो. टर्बोचा शाफ्ट हाताने किंचित आडवा हलणं चालतं, पण पातं घराला घासता कामा नये. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) झडप अर्धवट अडकली तरी लक्षणं टर्बो गेल्यासारखीच दिसतात.

इथे धुराचा नियम एका ठिकाणी फसवतो, कारण दोष हवेच्या बाजूला असतो आणि लक्षण डिझेल कमी असल्याचं दिसतं. बऱ्याच पंपांवर बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या) दाबाने डिझेल वाढवणारा डायफ्रॅम असतो आणि मॅनिफोल्डमधून त्याला एक बारीक नळी येते. ती नळी चिरली किंवा डायफ्रॅम फाटला, तर पंप डिझेल वाढवतच नाही. धूर नाही, बूस्टही नाही, कारण डिझेल कमी जळलं की टर्बोही पुरेसा फिरत नाही. अशा गाडीचा चांगला टर्बो बदलला जातो. माझ्या मते टर्बो किंवा पंप खोलण्याआधी ही नळी बघणं सक्तीचं असावं.

पंप आणि नोझल यांत आधी नोझल. आयडलवर एकेका नोझल पाइपचा नट जरासा सैल करा. ज्याच्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. (कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, हे चुकूनही करू नका, तिथला दाब जिवावर बेततो.) त्या सिलिंडरचं नोझल दुसऱ्याशी बदलून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझलचं काम, जागेवर राहिला तर पंप किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब). ‘पंपाचं डिझेल थोडं वाढवून देतो’ याला मात्र साफ नकार द्या. ओढ आल्यासारखी वाटते, पण एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टन जळतो.

इंजिन बांधायचा निर्णय नुसत्या बॅक मारण्यावरून (तेलाच्या झाकणातून वाफ येण्यावरून) घेऊ नका. टर्बोचं सील गेलं किंवा ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर झिजला, तरी तेलाच्या झाकणातून वाफ येते. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकच सिलिंडर कमी असेल तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेड काढून भागू शकतं. सगळेच कमी असतील तर बहुधा रिंगा आणि लायनर झिजलेत, तेव्हा इंजिन उतरवा.