पीपहोलचे दोन नमुने: जुना की नवा?

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रसूचनांत भाषांतर करणारे सॉफ्टवेअर) शिकायला येणारी मुले जीसीसी या कंपायलरचे यंत्रवर्णन, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांची माहिती देणारी फाइल, उघडले की हमखास विचारतात, की ‘डिफाइन पीपहोल’ लिहायचे की ‘डिफाइन पीपहोल टू’. शेजारच्या दोनचार सूचना पाहून त्यांच्या जागी स्वस्त सूचना ठेवण्याची ही पीपहोलची कल्पना संगणकशास्त्रज्ञ मॅककीमन यांनी १९६५ साली मांडली, आणि दोन्ही नमुने तीच राबवतात.

जुना नमुना, म्हणजे ‘डिफाइन पीपहोल’, अगदी शेवटी, असेंब्ली (यंत्रसूचनांचे वाचता येणारे रूप) छापली जात असताना चालतो आणि थेट मजकूर देतो. लिहायला तो सोपा आहे; पण त्याने काय बदलले हे आधीच्या कोणत्याही टप्प्याला कळत नाही, त्यामुळे शेड्युलरची, म्हणजे सूचनांचा क्रम लावणाऱ्या टप्प्याची, मांडणी वाया जाऊ शकते.

नवा नमुना, म्हणजे ‘डिफाइन पीपहोल टू’, रजिस्टर (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागा) वाटप झाल्यावर, पण अंतिम शेड्युलिंगच्या आधी चालतो, आरटीएलच्या (जीसीसीच्या आतल्या सूचनारूपाच्या) जागी आरटीएलच ठेवतो आणि गरज पडल्यास मोकळे रजिस्टरही मागू शकतो. उदाहरणार्थ, एक्स८६ प्रोसेसरवर ईएएक्स या रजिस्टरमध्ये शून्य भरणारी मूव्ह सूचना ५ बाइटांची, तर तेच काम करणारी एक्सॉर २ बाइटांची. मात्र एक्सॉर फ्लॅग्ज (आधीच्या गणिताचा वा तुलनेचा निकाल सांगणाऱ्या खुणा) पुसते, म्हणून पुढे फ्लॅग्ज कोणी वाचत नाही ही अट नमुन्यात लिहावीच लागते. ही अट विसरली, तर पुढची सशर्त उडी मुकाट्याने चुकीच्या जागी जाते, आणि अशी चूक शोधण्यात दिवस जातात.

मी मुलांना नवाच नमुना लिहायला लावतो. जुना फक्त वाचता यावा, इतकाच शिकवतो.