चॅटचे मेसेज पान रिफ्रेश न करता: पोलिंग, एसएसई की वेबसॉकेट?

वेबसाइटवर चॅट लावायचं ठरलं की पहिल्या दिवशी बहुतेकांच्या हातून एकच कोड लिहिला जातो. दर दोन सेकंदांनी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या लोड फंक्शनने मेसेजांचा अख्खा डबा मागवायचा आणि जुन्याच्या जागी नवा ओतायचा. डेमोला झकास चालतं. मग कुणीतरी कालचा पत्ता शोधायला वर स्क्रोल करतं आणि पान त्याला परत खाली आणून आपटतं. मोबाइल नंबर कॉपी करायला सिलेक्ट करावा, तर बोट उचलायच्या आत सिलेक्शन गायब. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "वेबसॉकेट लावू या."

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक लहान चॅटना वेबसॉकेटची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या कायम उघड्या, दुहेरी जोडणीची गरज नसते. ज्यांना असते, त्यांचंही नुसत्या वेबसॉकेटवर भागत नाही. वरच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मेसेज कुठल्या वाटेने येतो यात नाहीच. अख्खा डबा बदलण्याऐवजी फक्त नवे मेसेज खाली जोडले आणि वाचणारा आधीच तळाशी असेल तरच स्क्रोल केलं, की दोन्ही मिटतात.

त्यासाठी ब्राउझरने सर्व्हरला एवढंच विचारायचं: "माझ्याकडे ४१२ नंबरपर्यंतचे मेसेज आहेत, पुढचे दे." नंबरच विचारा, वेळ नको. 'अमुक सेकंदानंतरचे' असं विचारलं आणि एकाच सेकंदात दोघांनी मेसेज टाकले, तर त्यातला एक कुणाच्या तरी स्क्रीनवर कधीच येत नाही. हा बग सापडायलाही अवघड, कारण पान रिफ्रेश केलं की मेसेज दिसतो. डेटाबेसवर फार गर्दी असेल तर नंबरही थोडे मागेपुढे होतात, म्हणजे ४१३ डेटाबेसमध्ये आधी पक्का होतो आणि ४१२ नंतर. तेव्हा मागचे दोन-चार मेसेज पुन्हा मागवून दुबार आलेले गाळणं बरं. कुठलीही पद्धत घ्या, हा पाया लागतोच.

आता पोलिंग, म्हणजे ब्राउझरने ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारत राहणं. बदनाम आहे, पण हिशोब मांडून बघा. २०० माणसं पान उघडून बसली आहेत आणि प्रत्येकाचा ब्राउझर दर ३ सेकंदांनी विचारतो, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ रिक्वेस्ट. चॅटरूम आणि मेसेज नंबर यांवर मिळून इंडेक्स असेल तर डेटाबेसला याचं काहीच वाटत नाही. मेसेज दिसायला सरासरी दीड सेकंद लागतो. दुकानाच्या साइटवरच्या 'आम्हाला विचारा' खिडकीला किंवा सोसायटीच्या तक्रार चॅटला दीड सेकंद कुणाला खटकत नाही. टॅब लपलेला असताना विचारणं कमी करा. तसंही पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या पानाचा टायमर क्रोम २०२१ पासून मिनिटातून एकदाच चालू देतो, त्यामुळे परत आल्या आल्या लगेच एकदा विचारायचं विसरू नका. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी असेल तर माझं उत्तर पोलिंगच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लाँग पोलिंगमध्ये सर्व्हर लगेच "काही नाही" म्हणत नाही. नवा मेसेज येईपर्यंत किंवा २५-३० सेकंद होईपर्यंत रिक्वेस्ट धरून ठेवतो. वाचताना हुशारीची वाटते. मी एका कोचिंग क्लासच्या साइटवर लावली होती. दुसऱ्याचा मेसेज लगेच दिसायचा, आपला स्वतःचा मात्र पाठवायला चक्क वीस-पंचवीस सेकंद लागायचे. दोन दिवस क्लासच्या वायफायला शिव्या घातल्या. दोष पीएचपीच्या सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची माहिती सर्व्हर जिथे लक्षात ठेवतो तिथे होता, म्हणजे माझ्यातच. फाइलमध्ये ठेवलेलं सेशन उघडलं की त्याला कुलूप लागतं. वाट बघत बसलेली रिक्वेस्ट कुलूप धरून बसायची आणि त्याच माणसाचा 'पाठवा' तिच्या मागे रांगेत. वाट बघायच्या आधी सेशन बंद करणारी एक ओळ घातली आणि सुटलं. पण पुढच्याच आठवड्यात साइटच उघडेना. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये वर्कर, म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारे, ५च असतात, तेवढेच विद्यार्थी चॅटवर बसले की सहाव्यासाठी होमपेजलाही कुणी शिल्लक नाही. तेव्हापासून पीएचपीवर लाँग पोलिंग मी कुणाला सुचवत नाही. नोडसारख्या, थांबलेल्या जोडण्या स्वस्तात सांभाळणाऱ्या सर्व्हरवर ती चालते, पण तिथे एसएसई जास्त सोपं पडतं.

एसएसई, म्हणजे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, हा या घरातला दुर्लक्षित पोरगा. ब्राउझर एक साधी एचटीटीपी जोडणी उघडतो आणि सर्व्हर तिच्यावर मजकूर सोडत राहतो. एआय चॅटबॉटचं उत्तर शब्दाशब्दाने उमटताना दिसतं, ते बऱ्याच ठिकाणी याच वाटेने येतं. आपला मेसेज पाठवायला नेहमीची पोस्ट रिक्वेस्ट. एका बाजूनेच वाहणारी वाट असली तरी चॅटला ती पुरते, कारण माणूस लिहितो त्याच्या कितीतरी पट वाचतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःहून पुन्हा जोडतो, आणि तुम्ही मेसेजसोबत नंबर पाठवला असेल तर "मला शेवटी ४१२ मिळाला होता" हेही हेडरमधून सांगतो. वरचा पाया इथे जवळजवळ फुकट मिळतो.

खड्डे तीन. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला ६च जोडण्या देतो, त्यामुळे सातवा टॅब उघडला की तो नुसता गरगरतो. एचटीटीपी २ वर ही अडचण उरत नाही, कारण तिथे सहसा १०० प्रवाह मिळतात. दुसरा, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मधे असेल तर तो मजकूर साठवून ठेवतो आणि मेसेज घोळक्याने येतात. त्याचं बफरिंग बंद करा. दर १५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक रिकामी ओळही सोडत राहा, म्हणजे मधल्या कुणाला जोडणी मेली असं वाटणार नाही. तिसरा, ब्राउझरमधल्या एसएसईच्या मूळ सोयीत, म्हणजे इव्हेंटसोर्समध्ये, आपलं ऑथरायझेशन हेडर घालता येत नाही, लॉगिन कुकीवर हवं. आणि पीएचपीच्या वर्करचं दुखणं इथेही तसंच आहे.

वेबसॉकेटचं मानक, आरएफसी ६४५५, डिसेंबर २०११ मध्ये आलं. सुरुवात एचटीटीपीनेच होते, सर्व्हर १०१ म्हणतो, म्हणजे 'आता वेबसॉकेटवर जाऊ' असा कोड देतो, आणि तिथून दोघेही हवं तेव्हा बोलतात. लहान मेसेजला सर्व्हरकडून वरचा बोजा फक्त २ बाइट, ब्राउझरकडून ६. 'टाइप करत आहे', कोण ऑनलाइन, मेसेज वाचल्याची खूण, एकाच पाटीवर चौघांनी रेघा ओढणं, हे सगळं हवं असेल तर वेबसॉकेटच घ्या.

पण सोबत काय येतं तेही बघा. तुटलं तर पुन्हा जोडणारा कोड तुमचा. माणूस लिफ्टमध्ये शिरला, वायफाय जाऊन मोबाइल डेटा आला, तरी दोन्ही टोकांना बराच वेळ जोडणी जिवंत वाटते, म्हणून पिंग-पाँग, म्हणजे अधूनमधून 'आहेस का?' आणि 'आहे' असं विचारणं, लागतो. एन्जिनएक्सचा मूळ टाइमआउट ६० सेकंदांचा, तेवढा वेळ सगळे गप्प बसले की तोच जोडणी कापतो. दोन सर्व्हर केले की एकावरचा मेसेज दुसऱ्यावरच्यांना कळवायला मधे रेडिससारखं काहीतरी आलं. नवा कोड चढवला की सगळे एकदम तुटतात आणि एकदम परत येतात, तेव्हा प्रत्येकाला थोडा वेगवेगळा उशीर द्यावा लागतो. शिवाय ब्राउझर इथे दुसऱ्या साइटला आपोआप अडवत नाही, ओरिजिन, म्हणजे जोडणी कुठल्या साइटवरून आली ते, तुम्हीच तपासायचं. सॉकेट-आयओ ही लायब्ररी यातलं बरंच ओझं उचलतं, पण तुटलेल्या काळातले मेसेज भरून काढणं मूळ सेटिंगमध्ये तुमच्यावरच राहतं.

हे काहीच सांभाळायचं नसेल तर फायरबेससारखी तयार सेवा आहे. तिच्या रिअलटाइम डेटाबेसच्या मोफत योजनेत एका वेळी १०० जोडण्या मिळतात. पैसे आणि मेसेज दोन्ही दुसऱ्याच्या घरात जातात, एवढं मान्य असेल तर वाईट नाही.

तर शेअर्ड होस्टिंग असेल तर तीन सेकंदांचं पोलिंग. स्वतःचा सर्व्हर आणि नोड, गो किंवा असिंक पायथन असेल तर एसएसई आणि पोस्ट. 'टाइप करत आहे' शिवाय ग्राहक ऐकतच नसेल तर वेबसॉकेट, आणि कोटेशनमध्ये देखभालीचे दिवस धरून.

कुठलंही निवडा, लाइव्ह करायच्या आधी एक करा. मोबाइलवर चॅट उघडा, एरोप्लेन मोड लावा, लॅपटॉपवरून तीन मेसेज टाका, मिनिटभराने मोड काढा. तिन्ही मेसेज क्रमाने, एकेकदाच आणि पानाला हात न लावता दिसले पाहिजेत. मग हेच उलट बाजूने, मोबाइलवर एरोप्लेन मोडमध्ये 'पाठवा' दाबून. इथे मेसेज दोनदा गेला तर ब्राउझरनेच प्रत्येक मेसेजला पाठवायच्या आधी स्वतःचा एक नंबर द्यायला हवा, म्हणजे सर्व्हर दुसरा ओळखून टाकून देईल.