पालखीच्या रात्री पन्नासची लेन्स

कॅननची ईएफ 50 एमएम एफ/1.8 एसटीएम ही लेन्स 2015 साली आली, म्हणजे तिची नवलाई कधीच सरली. तरी शिमग्यात रत्नागिरी-गुहागरकडे आणि जत्रांच्या दिवसांत कुडाळ-सावंतवाडीकडे एसटीने फिरताना माझ्या पिशवीत तीच असते. वजन 160 ग्रॅम, तेही सोयीचंच. पण खरं कारण म्हणजे फ्लॅश न मारता वाजवणाऱ्यांच्या जवळ उभं राहता येतं. एका जत्रेत दशावताराच्या मृदंगवाल्या काकांनी मला आधीच बजावलं होतं, "फ्लॅश मारू नको गो बाय, डोळे दिपतत."

कॅमेऱ्यासोबत मिळते ती 18-55 लेन्स झूम केली की एफ/5.6 वर अडते (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). हिच्यात 1.8 ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. देवळापुढे एखादाच हॅलोजन असला तरी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) 3200 आणि शटर 1/125 सेकंदावर काम भागतं. ताशेवाल्याचा चेहरा स्वच्छ येतो, काठ्या पुसट. त्या मला तशाच हव्या असतात. एलईडीच्या माळांखाली मात्र मी 1/100 वर उतरते. आपली वीज 50 हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटर वेगात ठेवलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात.

1.8 आहे म्हणून सारखं 1.8 वरच राहू नये. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, दोन मीटरवरून जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर खोलीच फोकसमध्ये राहते. सनईवाला समोर असेल तर डोळे धारदार आणि सनईचं तोंड धुक्यात. त्याच्यासाठी मी 2.8 करते, आयएसओ चढला तर चढू दे. काळोखात ऑटोफोकस चाचपडतो तेव्हा चेहऱ्यावर न धरता ढोलाच्या दोरीवर किंवा पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर धरायचा.

फोकस होताना पुढची नळी आत-बाहेर सरकते आणि लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. पालखीत गुलाल उधळतात तेव्हा 49 एमएमचा यूव्ही फिल्टर लावतेच. दशावताराला काढून ठेवते, कारण उघड्या दिव्यांच्या प्रतिबिंबांची भुतं फिल्टरमुळे फोटोत नाचतात. (रंगमंचावर आधीच पुरेशी असतात.) घरी आल्यावर खारी हवा पुसून सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेलीच.

अडचण एकच, पण मोठी: क्रॉप कॅमेऱ्यावर ती 80 एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) पाठ दगडी गडग्याला टेकली तरी दोनच ढोलवाले मावतात. एकेकाचे हात, गालफडं, घाम टिपायला उत्तम. वाजवून झाल्यावर मंडळी "आता सगळ्यांचा एक काढ" म्हणतात, तेव्हा मी मुकाट्याने मोबाइल काढते.